प्रस्तावना : बेगमीची विद्या

महाराष्ट्रातले कोणतेही गाव कधी पुरते स्वयंपूर्ण नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. धान्य गावचे, गूळ गावचा, चामडे गावचे, दोर गावचे. पण मीठ किनाऱ्यावरच्या मिठागरांतून लमाणांच्या बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचे आणि लोहाराच्या भात्यापुढे तापणारे लोखंडही बहुधा बाहेरूनच आलेले असायचे. घाटमाथ्यापलीकडच्या अगदी आडगावातल्या भाकरीतही कोकणातल्या कुणाचा तरी घाम मिसळलेला होता. वीज, नळ आणि गॅस यांच्यावाचून जगण्याच्या कौशल्यांवरचे पुस्तक उघडणारा वाचक बहुधा दोनपैकी एक चित्र मनात घेऊन येतो. एक चित्र आजोळचे: सारवलेले अंगण, चुलीवरची भाकरी, मडक्यातले गार पाणी. दुसरे चित्र परदेशी कार्यक्रमांतले: जंगलात एकट्याने लाकडी झोपडी उभारणारा दाढीवाला गृहस्थ. पहिल्या चित्रात ते पाणी भरणारी बाई दिसत नाही, दुसऱ्यात शेजारी दिसत नाहीत. या पुस्तकाला दोन्ही चित्रांचा उपयोग नाही.

हाताला काम येऊ लागले की पहिल्यांदा कळते ते हे, की आपण कशावर, किती दिवस आणि कुणाच्या श्रमावर अवलंबून आहोत. स्वावलंबन त्याच्या नंतरचे, आणि तेही थोडेच. पुस्तकभर आम्ही हाच हिशेब मांडत गेलो आहोत.

विषयाचा आवाका मोठा आहे. ढोबळमानाने त्याचे सहा भाग पडतात: पाणी, आग, धान्य, छप्पर, उजेड आणि सफाई. प्रत्यक्षात मात्र ते कप्प्यांत राहत नाहीत, वर्षाच्या चक्रात एकमेकांत गुंतलेले असतात. कोकणात मे महिना चढू लागला की आगोटीची तयारी सुरू होते. कौले परतायची, फुटकी बदलायची, पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायच्या, लाकडे फोडून कोरड्या जागी रचायची, सुकट-बोंबील, आमसुले, चिंच आणि मीठ भरून ठेवायचे, फणसाच्या आठळ्या माती लावून जपायच्या. देशावर त्याच दिवसांत धान्याला ऊन दाखवायचे, कणग्या शेणमातीने लिंपायच्या, कुरडयांसाठी गहू भिजत घालून त्याचा चीक काढायचा, सांडगे घालायचे. या कामांना क्रम असतो. माळ्यावर धान्य चढवायच्या आधी कौले परतावी लागतात, कारण परतताना धूळ आणि खापऱ्या खालीच पडतात. कुरडया करायच्या त्या वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आधी. असल्या गोष्टी पाककृतींच्या पुस्तकांत सापडत नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ किंवा कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ यांचे मराठी घरांवर मोठे उपकार आहेत, पण त्यांचे काम स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी संपते. आमचे तिथून पुढे सुरू होते.

उजेडाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कोकणात उंडीचे कडू तेल आणि इतरत्र करंजाचे तेल दिव्यात जळत होते, मग घासलेट आले आणि दोन्ही मागे पडली. आज सौर दिवा स्वस्तात मिळत असताना कुणी उंडीच्या बिया फोडत बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. सफाईचेही तसेच: राख, रिठा आणि शिकेकाई यांची कामे बहुतेकांना ठाऊक आहेत. विषयाचा खरा जीव धान्य आणि पाणी या दोन ठिकाणी आहे, म्हणून त्यांतले एकेक उदाहरण जरा जवळून पाहू.

सोलापूर-मराठवाड्याकडे पूर्वी पांढरीच्या चिवट मातीत पेवे खणत. तोंड एक माणूस उतरेल एवढेच, आत मात्र पोट फुगत गेलेले. तळाला आणि कडेने कडब्याचा जाड थर, मध्ये ज्वारी, वर पुन्हा कडबा, त्यावर दगडाची चीप आणि शेवटी चिखलाचे लिंपण. धान्याला हवा लागू द्यावी असा आपला एरवीचा समज असतो. इथे उलट हवा कोंडायची. धान्यही श्वास घेते आणि त्यातले किडेही घेतात. आतला प्राणवायू संपत येतो, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. नीट भरलेल्या पेवातली ज्वारी वर्षानुवर्षे टिकायची. कडेच्या थराला ओल लागून ती काळपट पडायची, तिला वास यायचा, तेवढी वेगळी काढायची. सांगलीजवळच्या हरिपुरात याच पद्धतीने हळद साठवत आले आहेत. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवे निकामी झाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी चवळीची साठवण करणारी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली, तिचे तत्त्व पेवाचेच आहे.

ज्या हवेने किडे मरतात तिने माणूसही मरतो. म्हणून पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून थांबायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा, विझला तर उतरायचे नाही. जुनी माणसे इथपर्यंत सांगतात. पुढचे आम्हाला जोडावे लागले. दिवा विझला तर धोका नक्की. पण दिवा तेवत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असे नव्हे. ज्योत टिकण्याइतका प्राणवायू असतानाही कर्बवायूचे प्रमाण माणसाची शुद्ध हरपेल इतके असू शकते. म्हणून पुस्तकात पेवाचे तत्त्व आहे, ते हवाबंद पिंपात घरच्या घरी कसे वापरायचे तेही आहे. पेव खणण्याची कृती नाही. जुनी म्हणून प्रत्येक गोष्ट शहाणी असते, हा भाबडेपणा आम्ही शक्यतो टाळला आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवणाऱ्या घरांत ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच करतात’ असे सांगतात. ते ‘पहिल्यापासून’ दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही, आणि अन्नात बोरिक पावडर घालू नये हे साफ सांगायला हवे. बियाण्याला राख आणि कडुलिंबाचा पाला, डाळींना एरंडेलाचे बोट या रीती मात्र कसाला उतरतात.

आता पाणी. वस्त्रगाळ पाणी प्यावे असे आपल्याकडे घरोघर सांगत आणि शिकलेल्या माणसाला ते सोवळेओवळे वाटायचे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत तपासून पाहिले. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरी घडीतून पाणी गाळून घेणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारण असे, की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्राण्यांच्या अंगाला चिकटून असतात. ते प्राणी कापडात अडकले की बरेचसे जंतूही अडकतात. त्यातली गंमत म्हणजे नव्या साडीपेक्षा धुऊन धुऊन विरलेली साडी जास्त कामाची, कारण तिचे धागे फुगून मधली भोके लहान झालेली असतात. आपल्या आज्यांनी पाणी गाळायला जुने लुगडे वापरले ते काटकसरीने, पण हिशेब बरोबर निघाला. तरी सुटे जंतू आणि विषाणू कापडातून आरपार जातात. तेव्हा गाळणे ही पहिली पायरी. नंतर पाणी खळखळून उकळावे, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून लख्ख उन्हात सहा तास ठेवावे, आभाळ असेल तर दोन दिवस. गढूळ पाणी आधी निवळीच्या बीने किंवा तुरटीने निवळून घ्यावे, नाहीतर ऊन आतवर पोचत नाही. सारे इतके सोपे असूनही पूर आला की अर्धे गाव टँकरची वाट पाहत बसते.

ही कौशल्ये हजारो वर्षांची असली तरी त्यांच्याकडे विचार म्हणून पाहणे अलीकडचे. आपल्याकडे त्याची सुरुवात राजकारणातून झाली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताच्या खादीच्या पोशाखात गेले; गांधींच्या चरख्याला तेव्हा चाळीसएक वर्षांचा अवकाश होता. पण स्वदेशीच्या या पहिल्या लाटेचे लक्ष माल कुठे बनतो यावर होते. घर कसे चालते हा प्रश्न तिला फारसा पडला नव्हता.

तो प्रश्न दक्षिण आफ्रिकेत गांधींना पडला. १९१० साली जोहान्सबर्गजवळ त्यांचे स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्या ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे सांभाळायची तर खर्च कमी हवा, ही तिथली पहिली अडचण. तत्त्वज्ञान मागाहून पक्के झाले. कॅलनबाख मारियनहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला शिवायला शिकले आणि त्यांनी ते गांधींना शिकवले. बॅरिस्टरने चपला शिवणे याचा अर्थ भारतात परतल्यावर आणखी गडद झाला, कारण इथे चपला शिवण्याला जात होती.

वर्ध्यात या साऱ्याला प्रयोगशाळेचे रूप आले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा हिशेबतपासनीस मगनवाडीत घाणीच्या तेलाचे उतारे आणि हातसडीच्या तांदळातला कोंडा मोजत बसला. वनस्पती तेलावर चालणारा मगनदीप आणि धूर बाहेर काढणारी मगन चूल तिथली. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे, आणि या विषयात रस असलेल्याने सेवाग्रामच्या कुट्या पाहून परत फिरू नये, तेही पाहावे. कुमारप्पांची दृष्टी भावनेची नव्हती. कोणत्या कामात किती कच्चा माल, किती श्रम, किती नासाडी, असे ते विचारत. या पुस्तकातल्या कोष्टकांमागे तीच सवय आहे.

विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैसा नको, बैलही नकोत, हाताने जमीन खणून पिकवायचे. प्रयोग कडक होता, आणि इतका कडक प्रयोग सामान्य संसाराला झेपण्यासारखा नव्हता. पण एका कुटुंबाला निव्वळ हातांच्या बळावर किती जमीन पेलते, याचा अंदाज असल्या आग्रहाशिवाय येत नाही.

आमच्या मते या परंपरेतला मोठा माणूस अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ साली उपोषण केले. तुरुंगाच्या नियमांत सवर्णाने ते काम करणे बसत नव्हते. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी सोपा संडास, सोनखत आणि गोबर गॅस यांवर वर्षानुवर्षे काम केले. स्वावलंबनाच्या बहुतेक पुस्तकांत भाजीपाल्याला शंभर पाने आणि मैल्याला दोन असतात. अप्पासाहेबांनी सुरुवातच मैल्यापासून केली. घर स्वतःच्या पायावर उभे आहे की नाही हे त्याच्या परसात काय पिकते यावरून ठरत नाही. त्या घराची घाण कोण उचलतो यावरून ठरते.

१९७० नंतर सूत्रे अभियंत्यांकडे आली. शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ १९७३ मध्ये निघाले आणि लगेच पुढच्या वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. के. एन. रेड्डी यांनी ‘अस्त्र’ हा गट उभा केला. चुलीची औष्णिक कार्यक्षमता मोजणे हे आता प्राध्यापकाचे काम झाले. महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळेतली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि वीजजोडणी हाताने करत शिकतात. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा आणि खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले. दोन्हींना अॅशडेन पुरस्कार मिळाले, २००२ आणि २००६ साली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे तर सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या जवळ एवढे काम झालेले असताना आपली मुले चूल पेटवायला यूट्यूबवर कॅनडातल्या माणसाकडून शिकतात, याचे वैषम्य वाटते.

पश्चिमेची धारा थोडक्यात. तिथे हा ध्यास यंत्रयुगाच्या कंटाळ्यातून आला. थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, हेलन आणि स्कॉट निअरिंग व्हरमाँटच्या डोंगरात गेले; त्यांच्या पुस्तकाने पुढे साठ-सत्तरच्या दशकांतल्या शहर सोडणाऱ्या तरुणांना वाट दाखवली. १९६८ चा ‘होल अर्थ कॅटलॉग’ आणि १९७६ मधले जॉन सीमूर यांचे जाडजूड पुस्तक त्याच पिढीचे. सीमूर वाचायला फार मजेचे आहेत. फक्त त्यांचे डुक्कर, त्यांची बिअर आणि त्यांचा हिवाळा आपल्याकडे कामाचा नाही. यांतून फुटलेली एक फांदी बंदुका आणि डबाबंद अन्न तळघरात साठवून जगबुडीची वाट पाहणाऱ्यांची. शेजाऱ्याला धोका समजणारी ही शाखा आम्ही बाजूला ठेवली आहे. आम्हाला जवळचे वाटले ते ‘फॉक्सफायर’. जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ भागातल्या एका शाळेतल्या मुलांनी १९६६ पासून गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, लाकडी घर कसे बांधतात, साबण कसा करतात ते टिपले आणि आधी मासिकातून, मग पुस्तकांतून छापले. या पुस्तकाची रीत तिथूनच उचलली आहे.

विचाराने निवडलेले साधे जगणे वेगळे आणि अंगावर येऊन पडलेले वेगळे. सारायेव्होला १९९२ पासून जवळजवळ चार वर्षे वेढा पडला, तेव्हा लोकांनी फर्निचर आणि पुस्तके जाळून अन्न शिजवले आणि गोळीबारात शहरातल्या बिअरच्या कारखान्यापुढे पाण्यासाठी रांगा लावल्या, कारण त्या कारखान्याचा स्वतःचा झरा होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात इंधन आटले. सरकारने चीनहून दहा लाखांहून अधिक सायकली आणवल्या आणि हवानातल्या मोकळ्या जागांत भाजीचे वाफे झाले. अशा वेळी मिरवायला सवड नसते. काय आधी संपते आणि कशावाचून चालते, हे मात्र त्यातून नेमके कळते.

आता टीकेची बाजू. तिच्यावाचून हे पुस्तक छापणे गैर झाले असते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारी तपशीलवार नोंदवली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट या सगळ्यांवर गाव चालत होते, आणि त्या चालण्यात मेलेले ढोर ओढणे, वेठ, निरोप घेऊन मैलोन्मैल धावणे हे सारे जन्माने वाट्याला आलेले होते. ज्याला आपण गावाची स्वयंपूर्णता म्हणतो ती काही जातींच्या सक्तीच्या श्रमावर उभी होती. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि २० वर्षांनी घटना समितीत ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली, तेव्हा त्यांच्यापुढे हीच स्वयंपूर्णता होती. तिच्यातून सुटण्यासाठी शहर गाठलेल्या माणसाला ‘परत मातीकडे चला’ म्हणणे उद्धटपणाचे आहे. हाताची विद्या जातीच्या हातातून सुटून ज्याला हवी त्याच्या हातात जावी, एवढ्यापुरतीच ती आम्हाला हवी आहे. चामडे कमावण्याच्या प्रकरणात म्हणून कृतीबरोबर ते काम कुणी आणि कोणत्या अटींवर केले, तेही लिहिले आहे.

बायकांचे तसेच. पहाटे जाते, मग पाणी, मग चूल, मग शेत. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक आपण खूप केले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि ते काम थोर आहे. पण त्या ओव्यांतच कष्टाची रड किती आहे ते ऐकावे. शिवाय जात्याची दुसरी बाजू फारशी कुणी टिपली नाही. जात्याला टाकी लावणाऱ्या बाया गल्लोगल्ली हाक देत यायच्या. वरचा दगड उचलून आडवा करायचा, झिजलेल्या जागी छिन्नीने बारीक घाव घालत आतून बाहेर यायचे. मध्ये घाव दाट झाले तर पीठ गरम येते, कडेला विरळ राहिले तर भरड येते. हे त्यांना हाताखालच्या आवाजावरून कळायचे. आज टाकी लावणारी बाई शोधायला गेलो तर दहा गावे पालथी घालावी लागतात आणि घरोघरची जाती तुळशीजवळ शोभेला मांडलेली असतात. गाणे उरले, दगड उरला, मधली विद्या गेली.

चुलीचा धूर तर आणखी जिवावरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. तेव्हा चुलीवरच्या पिठल्याचे गोडवे गाणाऱ्याने आधी त्या चुलीपुढे महिनाभर फुंकणी घेऊन बसावे. ज्या घरात सिलिंडर आला त्या घरातल्या बाईला चुलीकडे परत पाठवणारे पुस्तक आम्हाला लिहायचे नव्हते. चुलीचे प्रकरण आहे, आणि ते धूर कमी कसा करावा, वैलावर वाया जाणारी आच कशी वापरावी आणि अर्धवट शिजलेले अन्न भुशाच्या पेटीत ठेवून सरपण कसे वाचवावे, एवढ्यासाठी आहे.

मग आज हे सगळे कशाला? त्याचे उत्तर कोकणात मिळते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड-दापोलीकडे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज गेली म्हणजे दिवे गेले एवढेच नव्हते. मोबाईलचे टॉवर गेले, म्हणून निरोप गेला. एटीएम बंद, म्हणून रोकड गेली. विहिरी तुडुंब होत्या, पण रहाट कधीच काढून टाकलेले आणि पंप मुका. ज्या घरात रहाट, दोर आणि कळशी शिल्लक होती तिथे वाडी पाण्याला लोटली. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते आणि प्यायला पाणी नव्हते. स्वयंपाकाच्या गॅसचे म्हणाल तर देशाला लागणाऱ्या गॅसचा निम्म्याहून मोठा वाटा बाहेरून येतो; समुद्रात कुठे खुट्ट झाले की त्याची झळ आपल्या ओट्यापर्यंत पोचते. सोयी वाईट नाहीत. त्या सगळ्या एकाच तारेला टांगलेल्या आहेत, ही अडचण आहे.

म्हणून पुस्तकाने स्वतःपुढे बेताचे ध्येय ठेवले आहे. चार-पाच माणसांचे घर, मग ते वाड्यातले असो, चाळीतले असो की अकराव्या मजल्यावरचे, पंधरा दिवस वीज, नळ आणि सिलिंडर यांच्यावाचून आजारी न पडता चालावे. ज्यांना त्यापुढे जायचे आहे, परस, गोठा, बियाणे, मातीचे बांधकाम यांत हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी दुसरा भाग आहे. अकराव्या मजल्यावर गोठा होत नाही, पण हवाबंद पिंप, भुशाची पेटी आणि पाण्याची चार पदरी गाळणी होते. तिथला अवघड प्रश्न संडासाचा, आणि त्यावर आम्ही बरीच पाने खर्च केली आहेत. अप्पासाहेबांचे ऋण तिथे सगळ्यात जास्त आहे.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या. रानातली अळंबी आणि कडू कंद यांची ओळख पुस्तकातून होत नाही. ठाणे-पालघर-नाशिकच्या आदिवासी पाड्यांवर ती लहानपणापासून बोटाला धरून शिकवतात आणि कडू कंद उकळून वाहत्या पाण्यात किती ठेवायचा हे चुकले तर जिवावर बेतते. सापाच्या विषावरचे उपाय नाहीत, कारण त्यावर उपाय एकच, तो दवाखान्यात आहे. बाळंतपणही नाही. वाचकांची नाराजी पत्करून सांगतो, घरगुती दारूही नाही.

मापांचा घोळ आमच्या परीने सोडवला आहे. पायली जिल्ह्याजिल्ह्यात बदलते, मूठ माणसागणिक बदलते, आणि सांगणारी बाई ‘अंदाजाने’ म्हणते तेव्हा तिचा अंदाज तराजूला लाजवील असा असतो, आपला नसतो. म्हणून जिथे जमले तिथे तिच्या हाताने घातलेले जिन्नस आम्ही काट्यावर तोलून ग्रॅम आणि लिटर लिहिले. जिथे तोलता आले नाही, जसे शेणकाल्याचा घट्टपणा किंवा चुन्याच्या निवळीचा पोत, तिथे तो कसा दिसतो आणि बोटाला कसा लागतो तेच लिहिले. अशा ठिकाणी वाक्ये लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. करून पाहायचे असेल तर मात्र पाण्यापासून सुरू करावे, आणि ते एप्रिल-मे महिन्यात, ऊन कडक असताना आणि मृगाला अजून अवकाश असताना. एका रविवारी मुख्य कळ बंद करावी, नळाला चिंधी बांधावी आणि संध्याकाळपर्यंत काय काय अडले ते वहीत लिहून ठेवावे. कोणते प्रकरण आधी उघडायचे ते त्या यादीवरून ठरवावे.